ई-स्पोर्ट्स समालोचन: माइकवर जीभ घसरली तर चूक कोणाची?

दुसरा_झोन (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०१६ मध्ये शांघायला डोटा २ या व्हिडिओ गेमची मेजर, म्हणजे मोठी, स्पर्धा सुरू झाली. बक्षिसाची रक्कम ३० लाख डॉलर. स्पर्धा जेमतेम सुरू होते न होते तोच गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने निवेदक जेम्स हार्डिंग (टूजीडी) याला काढलं, सोबत प्रक्षेपण सांभाळणारी कंपनीही बदलली. लोकांच्या लक्षात राहिले ते त्याचे पॅनेलवरचे अश्लील विनोद. वाल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी रेडिटवर लिहिलं की या माणसाबद्दल आधीच्या स्पर्धांतही अडचणी आल्या होत्या, आमच्यातल्या काहींनी त्याला आणखी एक संधी द्यायचा आग्रह धरला आणि ती चूक ठरली. हार्डिंगनेही नंतर लांबलचक खुलासा लिहिला. त्याचं म्हणणं, मला 'तू आहेस तसाच राहा' असं सांगितलं होतं.

मला या प्रकरणात माणसाच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचं अपयश मोठं वाटतं. 'आहेस तसाच राहा' ही सूचना म्हणजे सूचना न देणंच. ज्याच्याबद्दल आधी तक्रारी आहेत त्याला बोलवायचं, काय चालेल आणि काय चालणार नाही हे कागदावर द्यायचं नाही, वर तासन् तास रखडणाऱ्या कार्यक्रमात वेळ भरायला बसवायचं. मग जे व्हायचं तेच होतं.

प्रश्न असा: मराठीतून समालोचन करून बीजीएमआयची (पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती) एखादी छोटी स्पर्धा यूट्यूबवर दाखवायची आहे. दोन समालोचक, एक ऑब्झर्व्हर (खेळातला कॅमेरा फिरवणारा), ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर चालवणारा एक जण. एवढ्या माणसांत शिवीगाळ, उघडा राहिलेला माइक, कमरेखालचे विनोद हे सगळं अडवण्यासाठी नेमकं काय उभं करावं? 'समालोचक चांगले निवडा' हे उत्तर पुरेसं नाही.

केदार_वाशिष्ठी

असहमत. लाखो लोक बघताहेत हे माहीत असलेल्या प्रौढ माणसाला कोणता विनोद करू नये हे लिहून द्यावं लागत असेल, तर तो माणूसच त्या खुर्चीसाठी चुकीचा आहे. त्याच शांघायच्या पॅनेलवर बाकीचे विश्लेषकही होते. तोच रखडलेला कार्यक्रम, तोच थकवा. त्यांना नाही ना काढलं?

व्यवस्था हवी हे मान्य. पण व्यवस्थेवर सगळं ढकललं की माणूस सुटतो.

पाटी_पेन्सिल

+१ केदार. मात्र त्याच रेडिट पोस्टमध्ये न्यूवेल यांनी हार्डिंगसाठी जो शब्द वापरला तोही सभ्य म्हणता येणार नाही. असभ्य बोलण्यावरून काढलेल्या माणसाबद्दल कंपनीचा प्रमुखच जाहीरपणे असं लिहितो, तेव्हा खालच्या माणसांनी भाषेची पातळी कुठून शिकायची? काढायचा अधिकार होता, तो वापरला. कारण दोन सभ्य वाक्यांत सांगता आलं असतं.

मिक्सरवाली

धागाकर्त्याने विचारलंय म्हणून तांत्रिक बाजू सविस्तर लिहिते, कारण यात सर्रास एक चूक होते.

ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्ट्रीम डिले' आहे. तिथे १० सेकंद टाकले की सुरक्षित झालो असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. तो उशीर एन्कोड झालेल्या, म्हणजे पाठवण्यासाठी बांधून तयार असलेल्या, चित्र-आवाजाला लागतो. समालोचकाने शिवी दिली आणि दोन सेकंदांनी तुम्ही माइक म्यूट केला, तर शिवी आधीच एन्कोड होऊन रांगेत उभी असते. ती दहा सेकंदांनी ठरल्याप्रमाणे बाहेर जाणार, आणि तिच्या मागून तुमचा म्यूट जाणार. उपयोग शून्य.

रांगेच्या शेवटी हात पोचायचा तर दोन टप्पे लागतात. पहिल्या ओबीएसमध्ये सगळं मिसळायचं: खेळाचं चित्र, दोन माइक, ग्राफिक्स. तिथून एसआरटीने (नेटवर्कवरून चित्र-आवाज पाठवायची पद्धत) दुसऱ्या ओबीएसकडे पाठवायचं आणि यूट्यूबला फक्त दुसऱ्यातून जायचं. मशीन तगडं असेल तर एकाच मशीनवर ओबीएस दोनदा उघडूनही जमतं, पण ग्राफिक्स कार्डावर दोन एन्कोड पडतात हे ध्यानात ठेवा. एसआरटीच्या पत्त्यात लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आकडा दोन्हीकडे सारखा द्या. ओबीएसमध्ये तो आकडा मायक्रोसेकंदांत असतो. ८ सेकंद म्हणजे ८०,००,०००. कुणी ८००० लिहिलं की ८ मिलिसेकंद होतात, उशीर लागतच नाही, आणि हे कळतं ते थेट पहिल्या शिवीच्या वेळी. दोन ओबीएसमधला बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ६ ते ८ एमबीपीएस ठेवा. २० ला नेलात तर आठ सेकंदांचा साठा एसआरटीच्या नेहमीच्या बफरमध्ये मावत नाही आणि चित्र तुटायला लागतं.

आता बटण. दुसऱ्या ओबीएसमध्ये एक हॉटकी (ठरवून दिलेली कळ): येणारा आवाज म्यूट आणि त्याच वेळी साधं संगीत चालू. बटणावरच्या माणसाच्या कानात मात्र *पहिल्या* ओबीएसचा, म्हणजे विनाउशीर आवाज हवा. त्याने दुसऱ्याचा आवाज ऐकला तर प्रेक्षकांबरोबरच त्यालाही शिवी ऐकू येणार. शब्द कानावर पडला की लगेच दाबायचं आणि दहा सेकंद दाबून ठेवायचं. शिवीच्या आधीची सहा-सात सेकंदं चांगलं बोलणंही जातं, ते जाऊ द्यावं. नेमकी शिवी तेवढी कापायच्या नादात हात थरथरतो आणि अर्धा शब्द सुटतो.

नवखा_निरीक्षक

पण स्पर्धेत खेळाचा फीडच उशिराने येतो ना? मग तो उशीर आहेच की.

मिक्सरवाली

@नवखा_निरीक्षक, ते दोन वेगळे उशीर. खेळाचा फीड उशिरा देतात तो फसवणूक रोखायला, म्हणजे खेळाडूने किंवा त्याच्या मित्राने प्रक्षेपण बघून विरोधकाची जागा ओळखू नये म्हणून. डोटात तो दोन मिनिटांचा किंवा त्याहून जास्त असतो, काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांत अनेकदा दीड मिनिटाच्या आसपास. पण अशा वेळी समालोचकही तेच उशिराचं चित्र बघून बोलत असतो. त्याचा आवाज ताजाच असतो. त्यामुळे खेळ दहा मिनिटं उशिरा दाखवला तरी शिवी त्याच क्षणी बाहेर.

दुसरा_झोन

मिक्सरवाली, फार मोलाचं लिहिलंत. मायक्रोसेकंदांची गोष्ट वहीत उतरवून घेतली.

रिकामी_वेळ

मला रोग दुसरीकडे दिसतो. सामना चालू असताना समालोचक सहसा घसरत नाही, कारण बोलायला समोर काहीतरी घडत असतं. घसरण होते ती सामना थांबल्यावर. शांघायला प्रक्षेपण आणि वेळापत्रक कोलमडलं होतं, दोन सामन्यांमधल्या खिंडी तासातासाच्या झाल्या. निवेदकाकडे सांगायला काही उरलं नाही की तो स्वतःवर येतो, मग शेजारच्यावर, मग कमरेखाली. हा क्रम जवळजवळ ठरलेला आहे.

बीजीएमआयचा हिशेब मांडा. १६ संघ, ६४ खेळाडू, एरँगल या नकाशावरचा एक सामना साधारण अर्ध्या तासाचा, दिवसाला सहा सामने. म्हणजे खेळ तीन तास आणि प्रक्षेपण पाच-साडेपाच तास. मधले दोन-अडीच तास समालोचकांनी तोंडावर काढायचे असतात. सराव मात्र सगळे त्या तीन तासांचाच करतात.

सामना थांबल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त कारण सांगा, तेही रेफ्रीकडून आलेलं. मग गुणतक्ता. पहिल्या क्रमांकाचे १०, दुसऱ्याचे ६, मग ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला (प्रतिस्पर्धी बाद करण्याला) १ गुण. यावर 'कोणाला किती फिनिश लागतील' हा हिशेब पाच मिनिटं सहज चालतो आणि प्रेक्षकांना तो आवडतोही. पुढे मागच्या सामन्याची दोन-तीन रीप्ले, ज्या ऑब्झर्व्हरने सामना चालू असतानाच वेगळ्या काढून ठेवलेल्या असायला हव्यात. दहा मिनिटं उलटली की डेस्क, म्हणजे समालोचकांच्या गप्पा, बंद. 'थोड्याच वेळात परत' ही पाटी, संगीत, आणि समालोचकांना पाणी. प्रेक्षक पाटी बघून जातात म्हणून डेस्क ताणत बसणं हीच आयोजकाची खरी चूक.

केदार_वाशिष्ठी

@रिकामी_वेळ, हे पटलं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण दहा मिनिटांनी डेस्क बंद हा नियम शांघायला असता तर निम्मा प्रकार टळला असता.

हलगी

भाषेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हिंदी-इंग्रजी स्ट्रीम ऐकून मराठी समालोचन करायला बसलेला माणूस पहिल्यांदा तिथली शिवीच उचलतो, कारण जोश म्हणजे शिवी असं त्याच्या कानाला वळण पडलेलं असतं. आपल्याकडे जोशाला शब्द कमी आहेत का? कुस्तीच्या फडावरचं निवेदन ऐका, कबड्डीचं ऐका. आस्मान दाखवलं, चितपट केलं, धूळ चारली, दाणादाण उडवली, नांगी टाकली, कंबरडं मोडलं, घरात घुसून चोपलं. एका संघाने कंपाउंडमध्ये शिरून चौघांना टिपलं तर 'घरात घुसून चोपलं' याहून नेमकं वर्णन कुठलं? यातलं काहीही आजीसमोर म्हणता येतं.

शिवीपेक्षा जपायला हवं ते वेगळंच. 'बांगड्या भरा', 'बायकांसारखं लपून बसलाय', एखाद्याच्या गावावरून, बोलीवरून, रंगावरून, अंगकाठीवरून मारलेला टोमणा. यात एकही शिवी नाही, त्यामुळे बटणावरचा माणूस दाबत नाही आणि समालोचकालाही काही चुकलं असं वाटत नाही. पण मुलींचा संघ खेळत असेल आणि समोरून 'बांगड्या भरा' ऐकू आलं, तर पुढच्या वर्षी तो संघ नाव नोंदवणार नाही. यादीत हे आधी लिहा, शिव्या नंतर.

बीजीएमआयमध्ये 'किल' ऐवजी 'फिनिश' म्हणतात, रक्तही हिरवं दाखवतात. समालोचनातही तेच धरावं. 'मारून टाकला', 'मुडदा पाडला' टाळून 'नॉक', 'फिनिश', 'बाद', 'टिपला' पुरतं.

पाटी_पेन्सिल

हलगी यांचा प्रतिसाद छापून प्रत्येक डेस्कवर चिकटवा.

आणखी एक खड्डा: खेळाडूंची टोपणनावं. नोंदणीत '४ खेळाडू + १ राखीव' धरलं तर १६ संघांची ८० नावं होतात. त्यातलं एखादं तरी मुद्दाम असं रचलेलं असतं की भरभर म्हटलं की शिवी ऐकू येते. समालोचक बिचारा वाचून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी क्लिप फिरते. नावं आदल्या दिवशी मोठ्याने वाचून बघायची. मनातल्या मनात वाचून ते कळत नाही. नोंदणीच्या नियमांतच 'आयोजक टोपणनाव बदलायला सांगू शकतात' हे वाक्य असू द्या, नाहीतर आयत्या वेळी वाद होतो. आणि सुपरचॅट (प्रेक्षकांनी पैसे देऊन पाठवलेले संदेश) मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र स्पर्धेच्या प्रक्षेपणात बंदच ठेवा. समालोचकाच्या तोंडाला कुलूप लावून प्रेक्षकाच्या तोंडाला माइक देण्यात अर्थ नाही.

कोकणकडा७

आमच्या गल्लीतल्या क्रिकेटला हे नियम लावले तर सामना मुका होईल :)

हलगी

@कोकणकडा७, गल्लीत चालू द्या. फक्त लाइव्ह करू नका :)

मिक्सरवाली

उघड्या माइकबद्दल राहिलं होतं. ब्रेक लागला की पाटी दिसते, पण माइक वेगळ्या ऑडिओ सोर्सवर असेल तर तो चालूच राहतो. ओबीएसमध्ये 'ग्लोबल ऑडिओ डिव्हाइस' म्हणून लावलेला माइक प्रत्येक सीनमध्ये (पडद्यावरच्या मांडणीत) ऐकू जातो. उघड्या माइकच्या घटना घडतात त्या बहुतेक इथूनच. माइक समालोचनाच्या सीनमध्ये सोर्स म्हणून घाला, म्हणजे ब्रेकच्या सीनवर गेलात की आपोआप जातो. सीन बदलताना फेड असेल तर तेवढा वेळ आवाजही ओघळतो, म्हणून समालोचकांनी शेवटच्या वाक्यानंतर तीन सेकंद गप्प बसायचं.

समालोचकाच्या हाताशी दोन बटणं असतील, एक खोकल्यासाठी आणि एक कंट्रोल रूमशी बोलण्यासाठी, तर ती वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या बाजूला ठेवा. खोकल्याचं दाबून कंट्रोल रूमला हाका मारल्या तर कुणाला काहीच ऐकू येत नाही, एवढंच. उलट मात्र महागात पडू शकतं: काही स्वस्त मिक्सरवर टॉकबॅक (कंट्रोल रूमशी बोलायचं) बटण माइक मुख्य फीडमधून काढत नाही. मग 'हा काय मूर्खपणा चाललाय' हे कंट्रोल रूमबरोबर प्रेक्षकांनाही कळतं. मिक्सर घेतल्यावर हे आधी तपासा.

खेळाडूंचं आपसातलं बोलणं ऐकवायची हल्ली हौस आहे. ते कधीही थेट ऐकवू नका. रेकॉर्ड करा, कुणीतरी पूर्ण ऐकून २० ते ४० सेकंदांचा तुकडा काढा, आणि तो पुढच्या ब्रेकला लावा. ऐकणाऱ्याला त्या संघाची भाषा आली पाहिजे. तेलुगू किंवा पंजाबी संघाचं बोलणं मराठी माणसाने तपासून काय उपयोग?

सह्याद्री_सर्व्हर

थोडं अवांतर, पण धाग्याच्या नावात 'चूक कोणाची' आहे म्हणून.

सभ्यपणा म्हणजे गप्प बसणं असा अर्थ इथे निघू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये हार्थस्टोन या गेमच्या ग्रँडमास्टर्स स्पर्धेत हाँगकाँगच्या ब्लिट्झचंग या खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाला पाठिंबा दिला. दोन्ही समालोचकांनी डोकं टेबलाखाली घातलं. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने खेळाडूवर वर्षाची बंदी घातली, बक्षीस रोखलं आणि समालोचकांनाही बाहेर काढलं. जगभर ओरड झाल्यावर बक्षीस परत दिलं आणि तिघांचीही शिक्षा सहा महिन्यांवर आणली. त्या समालोचकांनी एकही अश्लील शब्द उच्चारला नव्हता.

दुसरं उदाहरण जुलै २०२० चं. रायट या गेम कंपनीने लीग ऑफ लेजेंड्स या आपल्या गेमच्या युरोपातल्या स्पर्धेसाठी सौदी अरेबियाच्या निओम या नव्या शहराच्या प्रकल्पाशी करार जाहीर केला. त्या स्पर्धेच्याच समालोचकांनी उघड विरोध केला, काहींनी काम थांबवायची तयारी दाखवली, आणि करार दिवसभरात रद्द झाला. माझ्या मते तो व्यावसायिक सचोटीचा उत्तम नमुना. शिवराळपणा आणि मतभेद एकाच नियमात घातले तर आयोजक हवं तेव्हा हवं ते हत्यार काढतो.

पाटी_पेन्सिल

@सह्याद्री_सर्व्हर, मतं मांडण्याची जागा प्रक्षेपण नव्हे असं मला वाटतं. निओमच्या वेळी समालोचक बोलले ते स्वतःच्या खात्यांवरून, सामन्याच्या मधोमध नाही. पण दोन्हींसाठी वेगळे नियम लिहावेत हे मान्य.

रिकामी_वेळ

आरोपांचा नियमही त्यात घाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायलाच एक्स्ट्रीम्सलँड या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या मशीनवर सामन्यादरम्यान चीट (फसवणुकीचं सॉफ्टवेअर) सापडलं. संघ बाद झाला, पुढे बरखास्तही झाला. तिथे पुरावा होता. पण दर स्पर्धेत एखादी अचूक गोळी बघून 'हॅकर आहे' असं माइकवर म्हणून टाकणारे समालोचक असतात, आणि त्या मुलाच्या मागे महिनाभर लोक लागतात. वाक्य ठरवून ठेवा: 'सामना थांबवलाय, अधिकृत माहिती आली की सांगतो.' याच्या पुढे एक शब्दही नाही.

दूरदर्शक

टीव्हीचा धडा कामाचा आहे. २०२२ मध्ये बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. टीव्हीवर आलं की केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधली कार्यक्रम संहिता लागते. नियम ६ मध्ये अभिरुचीला, सभ्यतेला सोडून असलेलं चालत नाही असं स्पष्ट आहे. म्हणजे यूट्यूबवर खपणारी समालोचनाची सवय टीव्हीवर थेट वाहिनीची जबाबदारी बनते. उद्या हे काम पोटापाण्यासाठी करायचं असलेल्या मुलांनी छोट्या स्पर्धेतही टीव्हीचीच भाषा धरावी. सवय दोन प्रकारची ठेवता येत नाही. जीभ दमल्यावर घरचीच सवय बाहेर येते.

नवखा_निरीक्षक

आणि सगळं करूनही शिवी गेलीच तर?

मिक्सरवाली

बटणवाल्याने वेळ लिहून ठेवायची: तास, मिनिट, सेकंद. कंट्रोल रूमने समालोचकाच्या कानात एकच वाक्य सांगायचं, रागवायचं नाही. रागावलं की पुढची वीस मिनिटं तो अडखळतो. समालोचकाने पुढच्या शांत क्षणी 'मघाशी चुकीचा शब्द गेला, माफ करा' एवढंच म्हणायचं. तो शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, हसायचं नाही, शेजाऱ्यानेही हसायचं नाही. प्रक्षेपण संपल्यावर यूट्यूबच्या एडिटरमधून तो तुकडा कापता येतो, पण व्हिडिओ सहा तासांहून मोठा असेल तर तिथे कापता येत नाही. त्यामुळे दिवसाचं प्रक्षेपण सहा तासांच्या आत ठेवा, नाहीतर मधल्या मोठ्या ब्रेकला थांबवून दुसरं सुरू करा.

दुसरा_झोन

सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे. यातून जो कागद बनतोय तो एका पानाचा आहे: हलगी यांची यादी वर, शिव्या खाली, आरोपांचं ठरलेलं वाक्य, दहा मिनिटांनी डेस्क बंद, आणि प्रक्षेपणाबाहेरच्या मतांवर आयोजकाचा अधिकार नाही हेही स्पष्ट लिहिलेलं. समालोचकांच्या सह्या आठवडाभर आधी.

केदार, तुमचं एक मान्य करतो. असा कागद सही करून दिल्यावरही जो घसरतो त्याच्याबाबत व्यवस्थेचं नाव पुढे करता येणार नाही. सही घेण्याचा अर्धा उपयोग तोच.

एक अडचण उरते. माणसं चारच आहेत. बटण कोणाकडे द्यावं? ओबीएस चालवणाऱ्याकडे दिलं तर तो सीन बदलण्यात गुंतलेला असतो.

केदार_वाशिष्ठी

पाचवा माणूस आणा. त्याला खेळ कळला नाही तरी चालेल, उलट बरंच. खेळ कळणारा सामन्यात रंगतो आणि बोट जागेवर राहत नाही. समालोचकांचा जिवलग मित्र नको. शक्यतो वयाने मोठं कुणीतरी.

मिक्सरवाली

सहमत. दर दोन सामन्यांनी त्याला बदली द्या, तासाभराने लक्ष उडतंच. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी खाजगी स्ट्रीमवर समालोचकांना मधेच 'भोपळा' म्हणायला सांगा. कधी म्हणणार ते बटणवाल्याला सांगू नका. सलग पाच भोपळे अडवले की उभारणी बरोबर आहे. एक जरी सुटला तर लेटन्सीचा आकडा परत बघा.